पाचवा बोल्ट

“बोल्ट किती?” उस्तादांनी विचारलं.

“पाच.”

“मोजून सांगतोस का पाठ हाय म्हणून?”

“मोजून.”

“मग लाव. आज मी हात लावणार न्हाई. बघणारबी न्हाई.”

आणि खरोखरच यासीन मुलाणींनी खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड केलं. कराडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपता संपता त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे मी चार वर्षं काम करत होतो. वायरी सोलल्या, बॅटऱ्या उचलल्या, गाड्यांखाली आडवा होऊन डोळ्यांत माती घालून घेतली. पण ट्रकचा डबा एकट्याने बसवायला उस्तादांनी कधी दिला नव्हता. डबा म्हणजे ईसीएम. इंजिनाला डिझेल केव्हा आणि किती द्यायचं हे तो ठरवतो, तो मेला की पंचवीस टनांची गाडी जागची हलत नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ट्रक हिंदुराव येडग्यांचा. मल्हारपेठेकडचा माणूस, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. उंच, तापट, पण मनात काही न ठेवणारा. त्यांनी गाडीचा डबा स्वतःच्या हाताने जाळला होता. म्हणजे झालं असं, की त्यांची बायको मालन पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर फेरीला निघणार होती. चिपळूणला साखर उतरवायची आणि तिथून पुढे गुहागरला जाऊन तिला समुद्र दाखवायचा, असा बेत. मालनवैनी बुटक्या, आणि केबिन माणसाच्या छातीइतकं उंच. म्हणून हिंदुरावांनी चॅसीला एक जादा पायरी वेल्डिंग करून घेतली. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर सोडायची असते, हे ना त्यांना सुचलं ना वेल्डरला. पायरी झकास बसली आणि डबा गेला.

नवा डबा पुण्याहून, गाडीच्या इंजिनाचा नंबर घालून, तयार करून आणला होता. मी बॅटरी सोडली, जुना डबा उतरवला, बसायची जागा घासून लख्ख केली. वर्तमानपत्र पसरून त्यावर पाच बोल्ट ओळीने मांडले. चार मोठे, डबा धरून ठेवणारे. पाचवा लहान, तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा. ही पट्टी डब्याची अर्थिंग. ती घट्ट नसली तरी गाडी चालू होते, पण मग तिचा भरवसा नाही. कुठल्या हादऱ्याला डबा डोळे मिटेल ते सांगता येत नाही.

साडेदहाच्या सुमाराला उस्तादांना फोन आला. उंब्रजजवळ एक टँकर बंद पडला होता, त्याच्या मालकाने गाडीच पाठवली न्यायला. उस्ताद उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, “दिगू, एक ध्यानात ठेव. काम अर्धं असताना हात धुवायचा न्हाई. हात धुतला की डोकंबी धुतलं जातंय.”

“व्हय, उस्ताद.”

हे त्यांचं नेहमीचं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

ते गेले आणि मालनवैनी ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, नारळ, पेढ्यांचा पुडा. “नवी वस्तू हाय. पूजा केल्याबिगर गाडीत घालायची न्हाई,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, करा, फक्त त्या भोकांना काही लावू नका, तिथे पिना असतात. त्यांनी डब्याच्या पाठीवर पाच बोटं उमटवली. मग वाकून कागदावरच्या एकेका बोल्टाला कुंकवाचा टिपका लावला. पाचही बोल्टांना, अगदी सावकाश, पाटावर बसलेल्या माणसांना लावावं तसं. मला हसू आलं.

“बोल्टालाबी, वैनी?”

“का? धरून तर त्यानीच ठेवायचं हाय न्हवं?”

मी डबा चढवला. चार बोल्ट आवळले. दोन्ही जोडण्या बसवून खटका वाजेपर्यंत दाबल्या. बॅटरी जोडली. पट्टी जागेवर धरली आणि पाचवा बोल्ट हातात घेतला, तेवढ्यात हिंदुरावांनी बाहेरून हाक मारली.

“अरं दिगू, आटप! बाराला अमावस्या लागती. त्याच्या आत नारळ फुटून चाक हललं पायजे.”

“दोन मिनिटं!”

पण नारळ फुटलाही होता. मालनवैनी ताट घेऊन माझ्यापुढे उभ्या. “घ्या. पहिला तुमाला.”

माझे हात काळे कुळकुळीत. वैनी म्हणाल्या, “हात धुवा की. परसाद हाय.”

मी पाचवा बोल्ट शर्टाच्या खिशात टाकला आणि पिंपाकडे हात धुवायला गेलो.

आज माझ्या स्वतःच्या गॅरेजात कामाच्या शर्टाला खिसा नसतो. शिंपी दर वेळी कारण विचारतो. मी काही सांगत नाही.

हात पुसून पेढा घेतला, तोंडात टाकणार, इतक्यात हिंदुरावांना राहवलं नाही. “बघू तर खरं,” म्हणून ते केबिनमध्ये चढले आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन धडधडलं. हिंदुरावांनी खिडकीतून असा काही आरडाओरडा केला, की शेजारच्या पंक्चरवाल्यापासून सगळे जमले. मी पेढा कागदात गुंडाळून खिशात कोंबला आणि इंजिनाचा आवाज ऐकायला धावलो. आवाज गोड होता. पंक्चरवाला म्हणाला, “दिगू, आता तूच उस्ताद की रं!” मी हवेत होतो. तसाच हवेत राहून वरचं झाकण लावलं. पट्टी डब्याच्या अंगाला नुसती टेकून राहिली होती.

मालनवैनी नव्या पायरीवर पाय ठेवून चढल्या. हातात कपड्यांचं गाठोडं आणि एक रिकामी बाटली.

“बाटली कशाला, वैनी?”

“समुद्राचं पाणी आणायचं हाय. आमच्या सासूबाईंना खरं वाटत न्हाई खारट असतंय म्हणून.”

“आईला काय खरं वाटतंय?” हिंदुराव हसले. “बाईमाणूस ट्रकात बसवू नको, सारखं तेच लावलंय तिनं. चल, बस नीट.”

पावणेबाराला ट्रक गेला.

एक वाजता मी भाकरी सोडली. झुणका होता, कांदा होता. खाऊन झालं आणि काहीतरी गोड हवंसं वाटलं. पेढ्याची आठवण झाली. खिशात बोटं घातली, तर बोटांना लोखंड लागलं.

मी तो बोल्ट बाहेर काढून तळहातावर ठेवला. वर कुंकवाचा टिपका. काही क्षण मला खरंच कळेना, की हा इथे कसा. मग कळलं.

हिंदुरावांना फोन लावला. वाजून वाजून थांबला. स्टेअरिंगवर असताना फोन उचलायचा नाही हा त्यांचा नियम, फोन ते सीटमागच्या पेटीत टाकायचे. पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन संपर्क क्षेत्राबाहेर गेला होता. म्हणजे पाटण सोडलं. पुढे कोयनेच्या खोऱ्यात रेंज नाही, आणि खोरं संपलं की कुंभार्लीचा घाट.

ज्यांनी भरलेला ट्रक घाटात उतरवलेला नाही त्यांना सांगतो. उतारावर गाडी नुसत्या ब्रेकवर कोणी उतरवत नाही, इंजिनावर रोखून उतरवतात. ब्रेक हवेवर चालतात आणि हवा इंजिन भरतं. गियर बदलताना इंजिन बंद पडलं की ओढ धरणारं कोणी नाही, स्टेअरिंग दगड होतं, आणि ब्रेक जितक्या वेळा दाबाल तितकी हवा कमी. मग पंचवीस टनांना कोण धरणार?

उस्तादांना फोन लावला. एक रिंग झाली आणि मीच कापला. काय सांगणार होतो? हात धुतला म्हणून?

खरं सांगायचं, तर एक पाच मिनिटं मी बसून राहिलो. पट्टी टेकलेली आहे, कराडपासून पाटणपर्यंत काही झालं नाही, चिपळूणलाही पोचेल, उद्या येईल तेव्हा गुपचूप लावून टाकू. असं सगळं मनात आलं. ते पटतही होतं. पण डोळ्यांपुढे ती रिकामी बाटली येत होती. मी बोल्ट परत खिशात टाकला, दहा नंबरचा पाना घेतला, पंक्चरवाल्याला शेडकडे बघ म्हटलं आणि मोटरसायकलला किक मारली.

मल्हारपेठ गेलं, पाटण गेलं. प्रत्येक वळणावर पुढे ट्रक दिसला की जीव वर यायचा, जवळ गेलो की दुसराच निघायचा. कोयनानगरला एका टपरीवर विचारलं, झेंडूच्या माळा लावलेला ट्रक गेला का? गेला म्हणाले, बराच वेळ झाला. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही; त्यातलं बरंचसं मी नंतर पाळलेलं नाही. हेळवाक मागे पडलं. घाटमाथ्यावर भजीवाल्या बाई कढईतून झारा न काढता म्हणाल्या, “नवरा-बायकू व्हय? आत्ता गेली की. भजी बांधून घेतली तिनं.”

“आत्ता म्हणजे किती?”

“धा मिनटं.”

मी घाट उतरायला लागलो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली नुसता धूसर उजेड. पहिलं वळण. दुसरं. प्रत्येक वळणावर मी आधी रस्त्याकडे बघत नव्हतो, कठड्याकडे बघत होतो. कुठे तुटलाय का, कुठे ताजी माती पडलीय का. तिसऱ्या वळणाच्या पुढे रस्त्यावर काळे पट्टे दिसले, टायर घासल्याचे. ते लांबच लांब गेले होते. मी पुढे बघायचं धाडस केलं.

ट्रक डोंगराच्या बाजूला, गटारात एक चाक घालून, तिरका उभा होता. मागच्या चाकांना मोठमोठे दगड लावलेले. हिंदुराव रस्त्यावरच बसले होते, डोक्याला हात लावून. मालनवैनी उभ्या होत्या, ट्रकला टेकून, भज्यांचा पुडा अजून हातात.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी मोटरसायकल स्टँडला लावायचीही विसरलो, ती आडवी पडली.

“दिगू?” हिंदुराव उठून माझ्याकडे आले. “तू? तू कसा आलास?”

“वाटलं... एकदा बघून घ्यावं. नवा डबा हाय म्हणून.”

“देव पावला!” त्यांनी मला मिठी मारली. “अरं, उतारावर गियर बदलताना इंजिन एकदम मेलं. ब्रेकला हवा संपत आली. डोंगराला घातली म्हणून वाचलो, दुसऱ्या अंगाला असतो तर... अन् तू आलास. कोण येतंय रं असं? सख्खा भाऊ येणार न्हाई.”

आता सांग, असं मी स्वतःला म्हणालो. आत्ताच. पण त्यांचे हात माझ्या खांद्यावर होते आणि डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, “बघतो.”

झाकण उघडलं. पट्टी लोंबत होती. मी खिशातून बोल्ट काढला, बसवला, पान्याने आवळला. दीड मिनिटाचं काम.

“काय झालतं?” हिंदुरावांनी विचारलं.

“अर्थिंगचा बोल्ट. पडला असंल हादऱ्यानं. माझ्याकडं एक जादा नवा हुता.”

माझ्या तोंडून हे इतक्या सहज गेलं, की माझं मलाच नवल वाटलं. वर बघितलं तर मालनवैनी माझ्या हाताकडे बघत होत्या.

इंजिन चालू झालं. हवा भरली. हिंदुरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि बायकोकडे वळले. आवाज बदलला होता.

“मालन, काढ तुझं गाठोडं. दिगूबरोबर मागं जा.”

“म्हंजे?”

“आई सांगत हुती. मी ऐकलं न्हाई. तुझ्यासाठी पायरी लावली, डबा जळला. तू बसलीस, इंजिन मेलं. आता आनि काय व्हायचं राहिलंय? बाईमाणूस गाडीत न्हाई म्हंजे न्हाई. परत हा विषय काढायचा न्हाई.”

मालनवैनी एक अक्षर उलट बोलल्या नाहीत. वर चढून गाठोडं काढलं, बाटली काढली. भज्यांचा पुडा नवऱ्याच्या सीटवर ठेवला. आणि येऊन माझ्या मोटरसायकलवर मागे, एका बाजूला पाय घेऊन बसल्या.

हिंदुराव मला म्हणाले, “तुझं उपकार जन्मभर फिटायचं न्हाईत.”

मी किक मारली.

घाट चढून माथ्यावर आलो. मालनवैनी गप्प. हेळवाक आलं, गेलं. मला वाटत होतं, रडत असतील. आरशात बघितलं तर रडत नव्हत्या, समोर बघत होत्या. माझ्या पाठीत कोणीतरी पाना खुपसून फिरवतंय असं होत होतं. सांगितलं तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. या रस्त्यावरचा एक ड्रायव्हर पुन्हा माझ्या हातात गाडी देणार नाही. उस्तादांचं वीस वर्षांचं नाव माझ्यामुळे जाईल. आणि नाही सांगितलं तर? तर काहीच नाही. मी देवमाणूस. एक बाई घरी बसेल, एवढंच. बायका घरी बसतातच की, असंही एकदा मनात येऊन गेलं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

कोयनानगर सोडलं आणि मागून आवाज आला.

“बोल्ट किती असत्यात हो त्या डब्याला?”

उस्ताद विचारायचे तसंच. फक्त आवाज बारीक.

“पाच.”

“मीबी पाचाला कुंकू लावलं हुतं.”

रस्ता रिकामा होता, तरी मी हॉर्न वाजवला.

“तुमच्या नव्या बोल्टालाबी कुंकू हुतं. नव्याला कुणी लावलं?”

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. खाली उतरायचं धाडस झालं नाही. हँडल धरून तसाच बसून राहिलो. “वैनी, माझ्या हातनं राहिला. हात धुवायला गेलो अन्...”

“मला म्हाईत हाय. मीच धुवा म्हणलं.”

“मग तवा का बोलला न्हाईसा? त्यांनी गाठोडं काढायला लावलं तवा?”

“मी बोलून काय झालं असतं? सोताचं झाकायला दुसऱ्यावर ढकलतीया म्हणलं असतं. अन् तुमी तर देव. आत्ताच पावला न्हवं का? देवावर आळ कोण घील?” त्यांनी मांडीवरचं गाठोडं सारखं केलं. “समुद्राचं काय न्हाई. तो काय आटत न्हाई. पर आता घरात पाऊल टाकलं की सासूबाई म्हणतील, सांगत हुते मी. जलमभर म्हणतील. अन् ह्यांनाबी तेच खरं वाटत राहील, की मी बसले म्हणून मरत हुतो. ह्येनं मला झोप यायची न्हाई.”

रस्त्यावरून एक जीप गेली. धूळ उडाली, खाली बसली.

“चला,” वैनी म्हणाल्या. “अंधाराच्या आत घरी सोडा.”

मी गाडी चालू केली, आणि रस्ता मोकळा बघून हँडल उलटं वळवलं.

“अवो, इकडं कुठं?”

“घट्ट धरा, वैनी.”

पुन्हा हेळवाक. पुन्हा घाटमाथा. भजीवाल्या बाईंनी आम्हाला तिसऱ्यांदा बघितलं आणि झारा हातात तसाच राहिला. तिसऱ्या वळणावर ते काळे पट्टे होते, मी गाडी त्यांच्या कडेने काढली. वाटेत निदान दहा वेळा माझ्या मनात आलं की परत फिरावं. मागे वैनी होत्या म्हणून फिरलो नाही, हे कबूल केलेलं बरं. पोफळी, शिरगाव, आणि चिपळूणच्या त्या गोदामाशी पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड चालला होता आणि हमाल शेवटची पोती उतरवत होते.

हिंदुराव बाहेर आले. बायकोला बघून चेहराच उतरला. “काय झालं? आई बरी हाय न्हवं?”

मी उतरलो. वाटेत काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

“हिंदुराव, बोल्ट पडला नव्हता. मी लावलाच नव्हता. माझ्या खिशात हुता. एक वाजता कळलं, म्हणून मागं आलो. बघून घ्यावं म्हणून न्हाई आलो. वैनींचा काय संबंध न्हाई. पायरीचाबी न्हाई. माझी चूक हाय. सगळी माझी.”

हिंदुराव माझ्याकडे बघत राहिले. मग खाडकन माझ्या मुस्काटात बसली. हमाल पोतं घेऊन जागच्या जागी थांबले. कानात शिट्टी वाजायला लागली. डोक्यावरची टोपी उडाली, ती मला शेवटपर्यंत सापडली नाही.

“दोन माणसं मेली असती!”

“व्हय.”

“अन् मी तुला मिठी मारली! भाऊ म्हणलो! अन् हिला मी...”

तिथे ते थांबले. हात पुन्हा वर गेला होता तो तसाच राहिला, मग खाली आला. त्यांनी बायकोकडे बघितलं. मालनवैनी बाटली छातीशी धरून उभ्या होत्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. हिंदुरावांना माफी मागता येत नव्हती. त्यांनी ती कधी कोणाची मागितली असेल असं मला वाटत नाही. ते ट्रककडे गेले, खांद्यावरचा टॉवेल काढला, आणि ती नवी पायरी पुसायला लागले. घाटातली सगळी माती तिच्यावर बसली होती. खालून, वरून, कोपऱ्यात बोट घालून, बराच वेळ पुसत राहिले.

“चढ,” ते पाठ न फिरवता म्हणाले. “सकाळी लवकर निघू. उन्हाच्या आत समुद्र बघायचा.”

वैनी लगेच चढल्या नाहीत. माझ्यासमोर आल्या.

“आधी ह्यांचं खिसं बघा,” माझ्याकडे बोट करून त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आनि काय लावायचं राहिलंय का ते.”

हमाल हसले. हिंदुरावसुद्धा वळून बघायला लागले. मी सगळ्यांसमोर खिसे उलटे केले. पाना निघाला, किल्ली निघाली, आणि वरच्या खिशातून वर्तमानपत्राचा चपटा झालेला कागद. वैनींनी तो माझ्या हातातून घेतला, उलगडला. पेढ्याचा पार चेंदामेंदा झाला होता. एका कडेला कुंकू लागलं होतं, दुसऱ्या कडेला बोल्टाचं तेल.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना सगळं सांगितल्यावर ते मला काय बोलले, आणि पुढचे दोन महिने मला पान्याला हात कसा लावू दिला नाही, ते नंतरचं. त्या संध्याकाळी मालनवैनींनी तो कागद माझ्या तळहातावर ठेवला.

“आता खावा,” त्या म्हणाल्या. “आता काम पुरं झालं.”

गाल सुजत चालला होता, जबडा हलवला की ठणकायचा. मी तो पेढा तिथेच उभा राहून, कुंकवासकट, सगळा खाल्ला.